दोनचा गजर

पहिला दिवस : कोल्हापूर ते केरी

गोव्याला चाललोय म्हटलं की समोरचा माणूस डोळा मिचकावतो. माझे काका तीसेक वर्षं दर जानेवारीत गोव्याला जातात आणि किनाऱ्यावर एकदाही फिरकलेले नाहीत, हे सांगून कुणाला पटत नाही. त्यांचा गोवा म्हणजे चोर्ला घाटाच्या पायथ्याचं केरी, तालुका सत्तरी. यंदा काकांनीही सत्तरी गाठली, गुडघ्यांनी एसटीला नकार दिला, आणि गाडी हाकायला मी सापडले.

सहाला निघायचं ठरलं होतं. मी सहा दहाला पोचले तर काका पायरीवर बसलेले. पाठपिशवी मांडीवर, मनगटावरचं कॅसिओ माझ्यासमोर धरलेलं. "दहा मिनिटं," एवढंच म्हणाले. बेळगाव येईपर्यंत मग आम्ही रस्त्यातल्या खड्ड्यांखेरीज कशावरच बोललो नाही.

काका तरुणपणी डोंगरवेडे. आधी सह्याद्रीतले कडे, मग हिमालय. डाव्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेलेली. १९९१ साली गढवालातल्या एका सात हजारी शिखरावर त्यांचा दोरावरचा जोडीदार वरच राहिला. त्या शिखराचं नाव काकू घेत नाहीत, म्हणून आमच्या घरातही कुणी घेत नाही आणि मीही इथे लिहीत नाही. काकू म्हणजे त्या जोडीदाराच्या बायको. केरी त्यांचं माहेर.

माझं स्वतःचंही एक काम होतं. डॅशबोर्डच्या खणात लेकीनं भरलेला अर्ज होता. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स. खाली पालकाच्या सहीची रिकामी जागा आणि तिच्यावर, धोक्याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे अशा अर्थाचा मजकूर. पूर्ण कल्पना! मी तीन आठवडे तो कागद इकडून तिकडे ठेवत होते.

कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, चहाला थांबलो तेव्हा काकांनी स्वतःहून विषय काढला. मी म्हटलं, ४ ऑक्टोबर २०२२ ला याच संस्थेची मुलं द्रौपदी का डांडावर होती ना? अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी शिखराजवळ असताना हिमप्रपात झाला. शोध थांबला तेव्हा सत्तावीस देह मिळाले होते आणि दोघे बेपत्ता. गेलेल्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेली पोरगी, आणि तिथे ती शिकवायला गेली होती.

"माहीत आहे," काका म्हणाले. बशीतला चहा संपेपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "तुला भीती डोंगराची नाही, घराण्याची आहे."

हे मात्र खरं होतं. डोंगर एखाद्या घरात शिरला की शिरतो. मेजर हर्ष बहुगुणा १९७१ साली एव्हरेस्टवर वादळात गेले. चौदा वर्षांनी, १९८५ च्या लष्करी मोहिमेत, त्यांचे भाऊ मेजर जय बहुगुणा त्याच डोंगरावर साउथ कोलच्या खिंडीत गेले. त्या एका मोहिमेत पाच अधिकारी गमावले. अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज सहा महिन्यांची गरोदर असताना आल्प्समधल्या आयगरची उत्तर भिंत चढली होती. ऑगस्ट १९९५ मध्ये केटूच्या माथ्यावरून उतरताना वादळानं तिला उचलून नेलं, तेव्हा पोटातला तो मुलगा सहा वर्षांचा झाला होता. पुढे २०१९ साली तो, टॉम बॅलर्ड, नंगा पर्बतवर गेला. हे सगळं मला काकांमुळेच पाठ. लहानपणी इतर मुलांना भुताच्या गोष्टी सांगतात तशा आम्हाला या.

चोर्ल्याच्या वळणांवर काकांनी विचारलं, "उताराला कुठल्या गिअरमध्ये ठेवतेस?"

"दुसऱ्या."

"बरोबर. माणसाला तो नसतो." आणि खिडकीची काच खाली केली. काजूच्या मोहोराचा वास आत आला.

केरीला दीडला पोचलो. काकूंनी पानं वाढलेलीच होती. उकड्या तांदळाचा भात, आळसांद्यांचं तोणाक, तळलेला बांगडा, सोलकढी. पहिला भात संपतो न संपतो तोच काकांच्या मनगटावर गजर वाजला. बारीक, चिरका, टीट टीट. मी दचकले. काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "दोन झाले, भावजी. आता चढू नका, ताक घ्या."

तो गजर काका रोज लावतात. घरी असले तरी.

दुसरा दिवस : कुळागर, हळदीकुंकू

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यानं जाग आली. सायकलच्या मागे टोपली, निळं प्लास्टिक, आत गरम उंडे. शेजारच्या आजीनं कुंपणापलीकडून विचारलं, "खंयच्यान आयल्यात?" आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच ठरवून टाकलं की मी भावजींची सून असणार. मी नाही म्हटलं नाही. 'नवप्रभा'चा अंक हातात घेऊन सोप्यावर बसले आणि उंडा चहात बुडवून खाल्ला.

काकू कुळागरात होत्या. सुपारी, मिरवेली, मधे केळी. पाटाचं पाणी एका अळ्यातून दुसऱ्यात वळवत होत्या. वाकून ज्या अवजारानं त्या माती ओढत होत्या ते मला आधी कुदळ वाटलं. जवळ गेले तर आइस अ‍ॅक्स, बर्फात चढताना वापरतात ती कुऱ्हाड. जुन्या धाटणीची, लाकडी दांड्याची. एका बाजूला टोच, दुसऱ्या बाजूला चपटं पातं. दांडा हाताच्या तेलानं काळा झालेला, पात्याची धार मातीनं घासून गोल. दांड्याच्या टोकाशी दोन अक्षरं कोरलेली होती, त्यातलं एक आता वाचता येत नाही.

"त्याचीच," काकू म्हणाल्या. "मोहिमेला नवी, धातूची मिळाली. ही घरी राहिली. केळीची पिल्लं काढायला हिच्यासारखं काही नाही बघ."

मागून आलेले काका बांधावर टेकले. अर्विनची गोष्ट त्यांनीच काढली. दर वर्षी काढत असावेत, कारण काकूंनी पाट सोडून ऐकायची तयारी केली. ८ जून १९२४. मॅलरी आणि अर्विन हे इंग्रज गिर्यारोहक एव्हरेस्टच्या वरच्या धारेवर ढगाच्या फटीतून त्यांच्याच मोहिमेतल्या ओडेलला दिसले, फट मिटली, पुन्हा कुणाला दिसले नाहीत. १९३३ च्या मोहिमेत विन-हॅरिसला धारेच्या जरा खाली एक आइस अ‍ॅक्स खडकावर पडलेली मिळाली. ती अर्विनची असावी असं मानतात. मॅलरीचा देह मिळाला १ मे १९९९ ला, ८,१५५ मीटरवर. उजवा पाय मोडलेला, कमरेला दोराचा झटका बसल्याच्या खुणा, आणि बर्फाचा चष्मा डोळ्यांवर नव्हे तर खिशात.

"खिशात म्हणजे ऊन नव्हतं," काका म्हणाले. "म्हणजे संध्याकाळ. म्हणजे उतरत होते."

"आणि तो पोरगा?"

"त्याचं नवीन आहे, वहिनी. मागच्या खेपेला नीट सांगितलं नव्हतं." सप्टेंबर २०२४ मध्ये रोंगबुक हिमनदीवर बर्फ वितळून एक बूट वर आला. बुटात पाऊल, पावलात मोजा, मोज्यावर शिवलेली पट्टी. पट्टीवर नाव, ए. सी. अर्विन. गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता.

काकूंनी अ‍ॅक्स केळीच्या बुंध्याला टेकवली. "नाव कुणी शिवलं असेल गे, मोज्यावर?"

आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. इतकी वर्षं अर्विनबद्दल वाचतेय. ते दोघे माथ्यावर पोचले का, त्यांचा कॅमेरा कुठे गेला, यावर लोकांनी केवढा कागद खर्ची घातलाय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"शंभर वर्षं लागली त्याला," काकू म्हणाल्या. "मला सातच काढावी लागली." आणि पाटाकडे वळल्या.

ती सात वर्षं काय, ते संध्याकाळी कळलं. शेजारच्या आजींच्या सुनेकडे हळदीकुंकू होतं. मला बोलावणं आलं, काकूंनाही आलं. मी साडी नेसून तयार, काकू मात्र नारळ सोलत बसलेल्या. "तू जा. मला कंटाळा आलाय. वाण काय आहे ते सांग." वाण होतं स्टीलचं गाळणं. तिळगूळ, फुटाणे, अत्तर, बायकांच्या गप्पा. तासाभरानं परत आले तर काका झोपलेले आणि काकू सोप्यावर. मी गाळणं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दिव्याकडे धरून जाळी बारीक आहे का पाहिलं आणि बोलायला लागल्या.

तेव्हा त्या कोल्हापुरात होत्या. तार आली आठव्या दिवशी. तारेत मृत्यू नव्हता, बेपत्ता होता. त्या एका शब्दावर पुढची सात वर्षं गेली. त्यांचे यजमान नोकरीला होते तिथे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मागायला गेल्या. दाखला आणा म्हणाले. दाखल्याच्या कचेरीत गेल्या, तिथला माणूस म्हणाला, प्रेत कुठंय? मोहिमेच्या नेत्याचं पत्र होतं, काकांचा लेखी जबाब होता, वर्तमानपत्रातली बातमी होती. प्रेत नव्हतं. मग एका वकिलानं तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्यातलं कलम १०८ दाखवलं. जिवंत असता तर ज्यांना खबर लागली असती अशांना सात वर्षं ज्याची खबर नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं.

"सात वर्षं सगळ्या हळदीकुंकवांना गेले मी. कुणी अडवायचा प्रश्नच नव्हता, कागदावर सवाष्ण होते ना. नव्वदच्या दशकातली गोष्ट, बाय, आजची नव्हे. अठ्ठ्याण्णवला दाखला आला. पुढच्या जानेवारीत एकही बोलावणं आलं नाही. माणूस तर एक्क्याण्णवलाच मेला होता. मग मी सात वर्षं कोण होते आणि एका कागदानं एका दिवसात कोण झाले?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता ही सून बोलावते. चांगली आहे पोर. पण आता मला खरंच कंटाळा येतो."

अर्जाचं विचारायचं होतं. तोंड उघडलं नाही.

काका पाण्याला उठले आणि आमच्यात येऊन बसले. त्या रात्री १९९६ निघालं, निघणारच होतं. १० मे ला एव्हरेस्टच्या दक्षिण बाजूला दोन व्यावसायिक तुकड्या एकाच दिवशी माथ्याकडे निघाल्या. परत फिरायची वेळ जास्तीत जास्त दुपारी दोनची. एक अशील चार वाजून गेल्यावर पोचला, आणि त्याला आणायला त्याचा म्होरक्या रॉब हॉल वरच थांबला. वादळ आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल दक्षिण शिखराजवळून, बेस कॅम्पनं रेडिओ फोनला जोडून दिला म्हणून, न्यूझीलंडमधल्या आपल्या गरोदर बायकोशी बोलला. खाली कधीच आला नाही. त्या वादळात दोन्ही बाजूंची मिळून आठ माणसं गेली.

उत्तरेकडचे तिघे आपले होते, भारत-तिबेट सीमा पोलिसांचे. त्सेवांग स्मानला, दोर्जे मोरुप, त्सेवांग पालजोर. बरोबरचे माघारी फिरले, हे तिघे पुढे गेले आणि संध्याकाळी रेडिओवर कळवलं, पोचलो. पुढे कित्येक वर्षं त्या वाटेवर साडेआठ हजार मीटरच्या सुमारास एका कपारीत हिरव्या बुटांचा एक देह कुशीवर पडलेला दिसायचा. जाणारे-येणारे त्याच्यावरून अंतर मोजायचे. तो पालजोर असावा असं बहुतेक जण मानतात. गिर्यारोहकांत त्याचं नाव पडलं 'ग्रीन बूट्स'.

"बुटांवरून?" काकूंनी विचारलं. "नाव असलेल्या माणसाला?"

तिसरा दिवस : वाघेरी

वाघेरीचा डोंगर केरीच्या डोक्यावरच आहे. गावातला एक तरुण वाटाड्या घेतला, वनखात्याची परवानगी त्यानंच काढली होती. काकांनी निघतानाच सांगून ठेवलं, "बारा वाजता जिथे असू तिथून मागे. गुडघे आहेत." मी हो म्हटलं. एवढ्याशा डोंगराला कसली आलीय वेळ, असं मनात म्हटलं.

सुरुवातीला काजूच्या बागा, मग दाट रान. वाट कोरडी, पाचोळ्यावरून पाय सटकत होते. धनेशाचा आवाज दोनदा आला, दिसला नाही. शेकरू मात्र निवांत दिसलं, शेपूट लोंबकळत टाकून. काका एका लयीत चालत. तीन पावलांना एक श्वास, सात हजारांवर एका पावलाला चार श्वास, असं सांगत. आठ हजारांच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. शरीर तिथे जगत नाही, हप्त्याहप्त्यानं मरत असतं. फुप्फुसात पाणी साठतं किंवा मेंदूला सूज येते. आणि सूज आली की पहिली जाते ती अक्कल. "ज्यानं वेळ पाळायची, त्याच अवयवाला तिथे हवा पुरत नाही," काका म्हणाले. "म्हणून वेळ खाली, चहा पिताना ठरवायची."

बाराला दहा मिनिटं असताना झाडी विरळ झाली आणि माथा समोर दिसला. पिवळं गवत, वर मोकळं आभाळ. काका एका दगडावर बसले. "बास."

"काका, हे काय, दहा मिनिटं आहेत वर!"

ते काही बोलले नाहीत. मी वाटाड्याकडे पाहिलं, तो म्हणाला, व्हय, धाच मिनटां. मी म्हटलं, तुम्ही बसा, आम्ही हात लावून आलो.

दहा मिनिटं नव्हती. दिसणारा माथा खोटा होता, त्याच्यामागे आणखी एक उभार निघाला. मग वर गेल्यावर वारा इतका छान, खाली अंजुण्याच्या धरणाचं पाणी, पलीकडे घाटाची वळणं. फोटो काढले, लेकीला पाठवावेत म्हणून रेंज शोधली, वाटाड्याच्या मोबाइलवर त्याच्या गावची जत्रा पाहिली. उतरून काकांपाशी आले तेव्हा एक वाजायला आला होता.

ते बसलेले नव्हते. वाटेच्या मधोमध उभे होते, घड्याळाचा हात छातीशी, चेहरा पांढराफटक. मला वाटलं रागावतील. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. बाटली हलत होती.

अर्धा डोंगर उतरेपर्यंत काही नाही. मग पुढे बघतच बोलायला लागले.

"पावणेदोन वाजले होते. शिखर असंच समोर. तो म्हणाला, अर्धा तास रे. मी बसलो. लोक म्हणतात, तू शहाणा, वेळेवर वळलास. कसलं शहाणपण? पाय चालत नव्हते म्हणून बसलो. चालले असते तर मीही गेलो असतो." दोन-चार पावलं. "तो म्हणाला, मग दोर सोड. गाठ हातमोज्यांनी सुटेना. बर्फानं घट्ट झाली होती. मी दातांनी सोडली."

मागून वाटाड्या शीळ घालत येत होता.

"रात्रभर तंबूबाहेर टॉर्च धरून उभा राहिलो. दिसला तर वाट सापडेल म्हणून. बोटं त्यात गेली, चढताना नव्हे." मग म्हणाले, "त्यानं मागे वळून हात केला होता. मी केला की नाही, आठवत नाही."

"काकूंना माहीत आहे?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चहा टाकते."

दोनचा गजर काजूच्या बागेत वाजला. या वेळी मी दचकले नाही.

रात्री जेवताना काकूंनी विचारलं, माथा झाला का? मी हो म्हटलं, काका नाही म्हणाले. काकूंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कुळथाचं कळण वाढलं.

चौथा दिवस : जुनं गोवें, मिरामार

काकूंना बरेच दिवसांत पणजीला जायचं होतं. चष्म्याचं काम. ते उरकलं. दुकानदारानं दीड तास बसवून ठेवलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

जाता जाता जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात शिरलो. चर्चच्या आवारातल्या गर्दीला चुकवायला शिरलो म्हणा. आत कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत. आपल्याकडे गावाबाहेर शेंदूर फासून पडलेले असतात तेच, पण इथल्या एकावर घोडे-हत्तींऐवजी नौकांची लढाई कोरलेली आहे. वीरगळाची मांडणी ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून.

काकू बराच वेळ पाहत होत्या. "यात घरचे कुठल्या चौकटीत?"

काका गडबडले. सतीशिळा वेगळी असते म्हणाले, तिच्यावर बांगड्या घातलेला हात कोरतात.

"म्हणजे आमचा नुसता हात," काकू म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.

मला मात्र ती वल्ही मारणारी माणसं दिसत राहिली. बोटभर उंचीची, एकसारखी, चेहरे झिजलेली. दगड एकाचा, वल्ही त्यांची. काकांनी २००६ साली एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक केला, तेव्हा थुकलाच्या चढावर ते अडखळले होते. तिथे चढाच्या माथ्यावर, डोंगरात गेलेल्यांची दगडी स्मारकं उभी आहेत, प्रार्थनेच्या पताका बांधलेली. स्कॉट फिशरचं आहे, जो १९९६ च्या त्याच वादळात गेला. बाबू छिरी शेर्पाचंही आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एकवीस तास राहिलेला हा माणूस २००१ मध्ये कॅम्प टूजवळ हिमभेगेत पडून गेला. पण बाबू छिरी विरळा. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत नॉर्थ कोलखाली हिमप्रपातात सात जण गेले, साती भार वाहणारे. तिथे मॅलरीही होता, तो वाचला. मॅलरीचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, त्या सातांतलं एक तरी मला सांगता येतंय का? १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमधबधब्यात सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गेले. दुसऱ्यांच्या चढाईचं सामान पाठीवर घेऊन निघाले होते. शिखरवेडापायी मेले म्हणावं, तर वेड त्यांचं नव्हतंच. ती नोकरी होती.

हे मी गाडीत बोलून दाखवलं. काका म्हणाले, "आमच्याबरोबर दोघे होते. गढवाली. शोधायला तेच वर गेले, दोन दिवस. मी तर पाय शेकत बसलो होतो." इतक्या वर्षांत हे त्यांनी आमच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं.

मिरामारला काकूंनी हट्टानं गाडी थांबवायला लावली. म्हणाल्या, भावजी, एकदा तरी पाय भिजवा, गोव्याला येता म्हणून सांगता. काकांनी वहाणा काढल्या, पँट दुमडली. डावा पाय पाण्यात गेला. अंगठा आहे, शेजारची दोन बोटं आहेत, मग नुसती गुळगुळीत गुलाबी कड, बाळाच्या टाचेसारखी. वाळू तिच्याखालून सरकत होती आणि काका तोल सावरायला सारखे काकूंच्या खांद्याकडे हात नेत होते, धरत मात्र नव्हते. शेवटी काकूंनीच त्यांचं मनगट पकडलं, घड्याळासकट.

शहाळी प्यायलो. परतताना अंधार पडला. साखळीच्या पुढे कुठेतरी मी लेकीच्या अर्जाचं सांगितलं. काकू मागच्या सीटवर होत्या, झोपल्या असाव्यात असं वाटलं.

"वर गेला त्याचा मला राग नाही," मागून आवाज आला. "मला ठाऊक होतं, लग्नाआधीच सांगितलं होतं त्यानं. दोनला का नाही वळला, एवढंच विचारायचंय." मग बऱ्याच वेळानं, "तुझी पोरगी सांगितलेल्या वेळेला घरी येते का गे?"

मी विचार केला. "साधारण येते."

"साधारण," काकू म्हणाल्या.

पाचवा दिवस : परत

निघताना काकूंनी डिकीत सुपाऱ्या, नारळ, भिरंडाची सोलं आणि केळीची दोन पिल्लं भरली, मुळाला ओलं गोणपाट बांधून. ती त्यांनी पहाटेच काढली होती. पायरीशी अ‍ॅक्स टेकवलेली होती, पात्यावर ओली लाल माती. काका तिच्याकडे पाहून म्हणाले, "धार लावून देऊ का?" काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी."

कणकुंबीला त्याच टपरीवर थांबलो. अर्ज डॅशबोर्डच्या खणातच आहे, फक्त त्यावर आता सोलाचा एक जांभळा डाग पडलाय. मी पेन शोधत होते की रुमाल, मलाच कळेना. तेवढ्यात काकांच्या मनगटावर टीट टीट सुरू झालं.

टपरीवाल्यानं कपबशी पुढे सरकवत विचारलं, "औषधाची वेळ झाली वाटतं?"

"हो," काका म्हणाले आणि गजर बंद केला.